स्पॅनिशची अनियमित क्रियापदं: तक्ता तोंडपाठ, तरी बोलताना तीच चूक

तक्रार नेहमीची आहे. ‘तेनेर’चा (जवळ असणे) वर्तमानकाळ वहीत बिनचूक उतरतो: तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस, तेनेइस, त्येनेन. दुसऱ्या दिवशी बोलायला गेलं की तोंडातून ‘यो त्येने’ (‘यो’ म्हणजे मी) नाहीतर ‘प्वेदेमोस’ निघतं. मग पुन्हा घोकंपट्टी, पुन्हा चाचणीत चांगले गुण, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

अशा वेळी तक्ता आणखी दहा वेळा लिहून उपयोग होत नाही, कारण बिघाड तक्त्यात नसतो. मराठी वाक्य मनात तयार होतं आणि त्याचं स्पॅनिश करताना गाडी रुळावरून घसरते. ती कुठे घसरते हे शोधलं तर चारपाच ठिकाणंच सापडतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं ठिकाण बहुतेक पाठ्यपुस्तकांत नसतं. ती पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात.

इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिलेत ते उच्चार कळावा म्हणून. ‘ख’ हा घशातून घासत येणारा, उर्दूतल्या ‘खबर’सारखा. तुमच्या वहीत मात्र स्पॅनिश रोमनमध्येच लिहा. देवनागरीत मूक एच दिसत नाही आणि बी-व्ही, सी-झेड हे फरकही पुसले जातात.

आधी तपासणी

पुढची दहा वाक्यं मोठ्याने, न थांबता स्पॅनिशमध्ये म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. लिहू नका. लिहिताना डोकं तक्ता आठवायला वेळ काढतं, त्यामुळे खरा दोष झाकला जातो.

मला माहीत नाही. माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत. मला पाणी हवंय. आम्हाला जमत नाही. ती परत येते. आम्ही परत येतो. मी तिला ओळखते. मी सहाला निघतो. मॅडम, तुम्हाला काय हवंय? आम्ही दोन वाजता जेवतो.

उत्तरं याच क्रमाने: नो से. तेंगो दोस लिब्रोस. क्येरो आग्वा. नो पोदेमोस. ब्वेल्बे. बोल्बेमोस. ला कोनोस्को. साल्गो आ लास सेइस. के क्येरे उस्तेद? कोमेमोस आ लास दोस.

पहिल्या तीन वाक्यांत अडखळलात तर दोष ‘मला’चा. चौथं किंवा सहावं चुकलं तर दोष आघाताचा. सातवं-आठवं चुकलं तर ‘यो’चं खास रूप पक्कं नाही. नववं चुकलं तर ‘तुम्ही’ आडवं आलं. दहाव्यात ‘क्वेमेमोस’सारखं काही निघालं, तर जिथे बदल नाही तिथेही तुम्ही बदल करताय.

‘मला’ म्हटलं की ‘यो’ गायब

मराठीत मला कळतं, मला येतं, मला हवं असतं, मला आठवतं, मला वाटतं, मला दिसतं, मला ऐकू येतं, मला माहीत असतं, माझ्याकडे असतं. यातल्या एकाही वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. कळणारी, दिसणारी, हवी असलेली वस्तू कर्ता असते आणि आपण चतुर्थी लावून बाजूला बसलेले असतो.

स्पॅनिशमध्ये याच ठिकाणी ‘मी’ कर्ता होतो: एंत्येन्दो, प्वेदो, क्येरो, रेक्वेर्दो, प्येन्सो, बेओ, ओइगो, से, तेंगो. ही यादी पुन्हा वाचा. नऊच्या नऊ अनियमित आहेत आणि रोजच्या बोलण्यात सतत लागणारीही हीच. म्हणजे ‘यो’चं रूप सर्वांत वाकडं आहे नेमक्या त्याच जागी मराठी मन ‘यो’ शोधतच नाही. ते ‘मला’ शोधतं, त्याला ‘मे’ सापडतं आणि पुढे तृतीय पुरुषाचं रूप जोडलं जातं. ‘मला कॉफी हवी’चं होतं ‘मे क्येरे उन काफे’. ऐकणाऱ्याला वाटतं, कॉफीच तुमच्या प्रेमात पडलीय.

हा घोळ ‘गुस्तार’ वाढवतं. ‘मे गुस्ता एल काफे’ आणि ‘मला कॉफी आवडते’ यांची घडण अगदी सारखी, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हे क्रियापद पहिल्याच दिवशी येतं. इंग्रजीतून शिकणारे मात्र तिथे धडपडतात. पण मग तोच साचा ‘केरेर’ला (हवं असणे), ‘साबेर’ला (माहीत असणे), ‘तेनेर’लाही लावला जातो. ‘मे’चा साचा ‘गुस्तार’ आणि ‘दोलेर’ (मे द्वेले ला काबेसा, माझं डोकं दुखतंय) यांच्यापुरता ठेवा. सुरुवातीला तेवढं पुरे.

यावर उपाय कार्डांचा, पण कार्डाच्या पुढच्या बाजूला स्पॅनिशचं मूळ रूप (‘ओईर’, ‘तेनेर’ असं) लिहायचं नाही. तिथे ‘मला’चं पूर्ण मराठी वाक्य हवं: ‘मला काही ऐकू येत नाही.’ मागे: ‘नो ओइगो नादा.’ मूळ रूपावरून चालवण्याचा सराव केला तर मूळ रूप दिसल्यावरच उत्तर सुचतं, आणि बोलताना ते कुणीही समोर धरत नाही. अंकीसारखं ॲप वापरा नाहीतर पोस्टकार्डाचे तुकडे, फरक पडत नाही. उत्तर तीन सेकंदांत तोंडातून आलं नाही तर ते कार्ड चुकलं असं धरायचं.

प्वेदो पण पोदेमोस

‘पोदेर’चं (जमणे) प्वेदो होतं, ‘पेन्सार’चं (विचार करणे) प्येन्सो, ‘पेदीर’चं (मागणे) पीदो. पण ‘आम्ही’ आणि स्पेनमधलं ‘तुम्ही लोक’ (बोसोत्रोस) या दोन रूपांत मूळ स्वर परत येतो: पोदेमोस, पेन्सामोस, पेदीमोस. तक्त्यात बदललेल्या घरांभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार दिसतो, म्हणून यांना बुटाची क्रियापदं म्हणतात. आकार लक्षात राहतो. तो का येतो ते कळत नाही, म्हणून बोलताना बूट कामी येत नाही.

कारण आघातात आहे. यो, तू, एल (तो) आणि एयोस (ते) यांच्या रूपांत जोर धातूवर पडतो: प्वे-दो. नोसोत्रोस (आम्ही) आणि बोसोत्रोस यांच्या रूपांत तो प्रत्ययावर सरकतो: पो-दे-मोस. लॅटिनमधून येताना जोर पडलेले काही ‘ए’ आणि ‘ओ’ फुटून ‘ये’ आणि ‘वे’ झाले. जोर नव्हता तिथे ते तसेच राहिले. हे फक्त क्रियापदांत घडलेलं नाही. सात म्हणजे स्येते, पण सत्तर सेतेंता. नऊ न्वेबे, नव्वद नोबेंता. दार प्वेर्ता, द्वारपाल पोर्तेरो. आकडे येत असतील तर हा नियम तुम्ही नकळत आधीच शिकलेला आहात.

मराठी माणसाला यात परकं काही नाही. फूल, पण फुलाला. वीट, पण विटेवर. सून, पण सुनेचा. प्रत्यय लागून अक्षराची जागा बदलली की तत्सम नसलेल्या शब्दातला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो आणि आपण ते विचार न करता करतो. ‘फूलाला’ कानाला खटकतं, तसं ‘प्वेदेमोस’ खटकायला लागलं की काम झालं.

अडचण कानाची आहे. मराठीत जोर कुठल्या अक्षरावर दिला यावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे जोर ऐकायची सवयच नसते. स्पॅनिशमध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, शेवटच्यावर दिला तर तो बोलला. म्हणून ही क्रियापदं लिहून पाठ करू नका, टाळी वाजवून करा. ‘प्वे’ला टाळी, ‘पोदेमोस’मध्ये ‘दे’ला टाळी. यो आणि नोसोत्रोस अशी जोडी आलटूनपालटून दहा वेळा: प्वेदो–पोदेमोस, ब्वेल्बो–बोल्बेमोस, द्वेर्मो–दोर्मीमोस, क्येरो–केरेमोस, ख्वेगो–खुगामोस. चुकीच्या जागी टाळी वाजवून बरोबर रूप म्हणून पाहा, जीभ अडते.

नियमाची खात्री हवी असेल तर अर्जेंटिनाकडे बघा. तिथे ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात आणि त्याच्या रूपात जोर शेवटी जातो: बोस पोदेस, बोस केरेस, बोस पेन्सास. आघात सरकला, ‘वे’ आणि ‘ये’ नाहीसे झाले.

‘ए’चा थेट ‘इ’ होणं (पीदो, सीगो, रेपीतो) फक्त ‘ईर’ने संपणाऱ्या क्रियापदांत असतं. ‘आर’ किंवा ‘एर’ने संपणाऱ्यात तसं रूप तोंडात आलं तर ते चुकीचं, शोधत बसायची गरज नाही. आणि ‘यू’चं ‘वे’ होणारं क्रियापद एकच: खुगार.

कुठलं बदलतं, कुठलं नाही

मूळ रूप पाहून हे सांगता येत नाही. ‘एंतेन्देर’ बदलतं (एंत्येन्दो), ‘आप्रेन्देर’ बदलत नाही (आप्रेन्दो). ‘बोल्बेर’ बदलतं, ‘कोमेर’ नाही. अंदाज बांधायला एक युक्ती आहे, जवळचं नाम आठवायची. आल्म्वेर्सो (दुपारचं जेवण) माहीत असेल तर ‘आल्मोर्सार’ बदलणार. स्वेन्यो (स्वप्न) वरून ‘सोन्यार’, प्र्वेबा (चाचणी) वरून ‘प्रोबार’, गोब्येर्नो (सरकार) वरून ‘गोबेर्नार’. पण युक्ती ती युक्तीच. ‘रेस्प्वेस्ता’ म्हणजे उत्तर, तरीही ‘रेस्पोन्देर’चं ‘रेस्पोन्दो’च होतं. शंका आली की रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेच्या ऑनलाइन शब्दकोशात क्रियापद उघडा, तिथे त्याची सगळी रूपं दिलेली असतात आणि ‘बोस’चंही रूप सापडतं.

‘क्वेमो’ची चूक बहुधा सरावाच्या पद्धतीतून येते. आठवडाभर फक्त अनियमित क्रियापदंच घोकली की मेंदू ठरवतो, ‘ओ’ दिसला की ‘वे’ करायचा. म्हणून दर तीन कार्डांत एक नियमित क्रियापद घाला: कोमेर, बेबेर, कोर्रेर, तोमार, बेन्देर. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण चूक बरी याच्यानेच होते.

‘यो’ची वाकडी रूपं

इथे समजून घेण्यापेक्षा तोंडात बसवण्याचं काम जास्त. ‘गो’ लागणारी: तेंगो, बेंगो, पोंगो, साल्गो, आगो, दीगो, त्राइगो, ओइगो. यातल्या ‘आसेर’ आणि ‘आगो’च्या सुरुवातीला लिहिताना एच असतो आणि तो मूक आहे. तो उच्चारला तर मराठी वर्गात काय होतं ते सांगायला नको.

‘तेनेर’ आणि ‘बेनीर’ यांत दोन बदल एकदम आहेत, यो मध्ये ‘गो’ आणि बाकी बुटात ‘ये’: तेंगो पण त्येनेस, बेंगो पण ब्येनेस. ‘देसीर’ही तसंच, दीगो पण दीसेस. ‘त्येंगो’ ही चूक इथूनच येते, दोन्ही बदल एकाच घरात कोंबले जातात.

स्वरानंतर ‘सेर’ किंवा ‘सीर’ आलं की यो मध्ये ‘स्को’: कोनोस्को, त्रादुस्को, ओफ्रेस्को. ‘आसेर’, ‘देसीर’ आणि ‘कोसेर’ (शिजवणे) यांसारखी काही त्यातून वगळा. व्यंजनानंतर आलं तर ‘स्को’ नाही, नुसतं ‘सो’: ‘बेन्सेर’चं बेन्सो. उरलेली एकेकटी आहेत: सोइ, एस्तोइ, दोइ, बोइ, से, बेओ. ‘ईर’चं ‘बोइ’ का, असा प्रश्न पडला तर ‘जाणे’चं ‘गेलो’ का, ते आधी कुणालातरी विचारा.

‘साबो’ म्हणालात तर फार वाईट वाटून घेऊ नका. स्पॅनिश बोलणारी लहान मुलंही नियम लावून हेच म्हणतात. पण यो चं रूप कच्चं ठेवून पुढे जाऊ नका. पुढे ‘सुबखुंतीबो’ (इच्छा, शंका सांगणारं रूप) आणि नकारार्थी आज्ञा बहुतेक क्रियापदांत याच रूपावरून बनतात: तेंगोवरून तेंगा, साल्गोवरून साल्गा, कोनोस्कोवरून कोनोस्का. आज ‘सालो’ म्हणणारा सहा महिन्यांनी ‘साला’ म्हणतो, आणि स्पॅनिशमध्ये ‘साला’ म्हणजे दिवाणखाना.

बोलतो, बोलते आणि तुम्ही

मराठीत क्रियापदाला लिंग असतं: मी बोलतो, मी बोलते. स्पॅनिश नामं-विशेषणं शिकताना ‘ओ’ पुल्लिंगी, ‘आ’ स्त्रीलिंगी हे डोक्यात बसतं आणि मुली ‘यो आब्ला’, ‘यो त्राबाखा’ म्हणू लागतात. वर्गात हे सर्रास ऐकू येतं आणि शिकवणाऱ्याला वाटतं, व्याकरणातला पुरुष चुकला. पुरुष चुकलेला नसतो, लिंग लावलेलं असतं. वर्तमानकाळात क्रियापदाच्या शेवटी आलेला ‘ओ’ म्हणजे ‘मी’, बाई असो की बुवा. लिंग दिसतं ते विशेषणात: ‘मी थकलेय’ म्हणणारी ‘एस्तोइ कान्सादा’ म्हणेल, ‘मी थकलोय’ म्हणणारा ‘एस्तोइ कान्सादो’. ‘एस्तोइ’ दोघांचंही तेच.

‘तू’ची गंमत अशी की शब्द दोन्ही भाषांत तोच आहे, अर्थही तोच. पण आदरार्थी ‘तुम्ही’ला मराठीत अनेकवचनी रूप लागतं, म्हणून एका माणसाशी बोलताना ‘उस्तेद त्येनेन’ किंवा ‘उस्तेद त्येनेस’ निघतं. उस्तेदला ‘तो/ती’चं एकवचनी रूप लागतं: उस्तेद त्येने, उस्तेद प्वेदे. उस्तेद हा शब्द ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’, म्हणजे साधारण ‘आपली कृपा’, याचा झिजून बनला. ‘स्वारी कुठे निघाली?’ असं समोरच्यालाच विचारताना आपण तृतीय पुरुष वापरतो ना, तसंच हे. वाक्य सुचेना तर मनात ‘साहेब’ घाला: साहेबांना काय हवंय, क्येरे.

सहा नको, तीन रूपं पुरेत

प्रत्येक क्रियापदाची यो, तू आणि नोसोत्रोस एवढीच तीन रूपं पाठ करा. तेंगो–त्येनेस–तेनेमोस. ‘तू’चा शेवटचा ‘स’ काढला की ‘तो/ती/उस्तेद’ (त्येने), त्याला ‘न’ लावला की ‘ते/उस्तेदेस’ (त्येनेन). ‘नोसोत्रोस’चं ‘मोस’ काढून ‘इस’ लावलं की बोसोत्रोस (तेनेइस). ‘ईमोस’ने संपत असेल तर ‘ईस’ (पेदीमोस, पेदीस). नेहमीच्या क्रियापदांत या हिशोबाला दोनच दाद देत नाहीत, ‘सेर’ आणि ‘आबेर’. ती दोन पूर्ण पाठ करा.

बोसोत्रोस स्पेनमध्ये लागतं. पुण्यात बसून मेक्सिको किंवा कोलंबियाच्या ग्राहकांशी बोलायचं असेल तर ते बोलण्यात येणार नाही, तिकडे सगळ्यांना उस्तेदेस. ‘देले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणार असाल तर ऐकून ओळखता यायला हवं.

चोवीस क्रियापदं, आठवड्याला सहा. पहिल्या आठवड्यात ‘मला’ची टोळी: तेनेर, केरेर, साबेर, पोदेर, बेर, ओईर. दुसऱ्यात सेर, एस्तार, ईर, दार, आसेर, देसीर. तिसऱ्यात पेन्सार, एंतेन्देर, रेकोर्दार, बोल्बेर, दोर्मीर, खुगार. चौथ्यात पेदीर, कोनोसेर, सालीर, पोनेर, त्राएर, बेनीर. रोज पंधरा मिनिटं, त्यातली दहा बोलून. कार्ड बरोबर आलं तर एक, तीन, सात आणि चौदा दिवसांनी पुन्हा. चुकलं तर परत पहिल्या दिवसावर. नवी सहा घेताना जुनी बाजूला ठेवू नका, सगळी एकत्र पिसा. सातव्या दिवशी पहिल्या दहा वाक्यांसारखी नवी दहा वाक्यं रेकॉर्ड करून ऐका.

लिहिताना राहणाऱ्या चुका

बोलणं सुधारलं की या उघड्या पडतात. ‘कोनोस्को’ लॅटिन अमेरिकी उच्चाराने शिकलात तर हमखास एस लिहिला जातो. तिथे झेड आणि त्यापुढे सी हवा. स्पेनच्या बऱ्याच भागात तो झेड ‘थ’सारखा ऐकू येतो, आठवायला तेवढं पुरतं. ‘सेगीर’मध्ये जी नंतरचा यू मूक असतो, तो जी ला ‘ग’ ठेवायला घातलेला पहारेकरी. पुढे ओ आला की पहाऱ्याची गरज संपते, म्हणून ‘सीगो’त यू नाही. ‘प्रोतेखेर’चं उलटं: ‘ख’ टिकवायला ओ पूर्वी जी चा जे करावा लागतो, प्रोतेखो. ‘कोखेर’लाही हाच नियम. पण हे क्रियापद स्पेनमध्ये ‘घेणे, पकडणे’ असं साधं असलं तरी मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील आहे. तिकडच्यांशी बोलताना ‘तोमार’ वापरा.

आघातचिन्ह सोडू नका. ‘एस्ता’वर चिन्ह असेल तर ‘आहे’, नसेल तर ‘ही’. ‘से’वर असेल तर ‘मला माहीत आहे’. मोबाइलच्या कीबोर्डवर ए (a) किंवा ई (e) दाबून धरलं की चिन्हाची अक्षरं वर येतात. सुधारणा सुचवणारी सोय इंग्रजीवर ठेवली असेल तर ती हीच चिन्हं परत काढून टाकते, म्हणून कीबोर्डमध्ये स्पॅनिश भाषा आधी जोडून घ्या.